एका डब्यात दोन जातींची काडतुसं

पोपट आले.

परवा सकाळी वावरात पाय ठेवला, तर ज्वारीवरून हिरवी चादर उचलल्यासारखा थवा उठला आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवर जाऊन बसला. तिथून नुसता कलकलाट. हे वावर आमचं, तू कोण? मीही दोन शिव्या दिल्या. तोंडानं पोपट हलत नसतात, हे एवढी वर्षं शेती करून मला ठाऊक आहे. पण कोणाशी तरी भांडायचं होतं.

किन्हीराजाच्या अलीकडचं आमचं गाव. इथं आता ज्वारी कोणी पेरत नाही. सोयाबीन निघालं की हरभरा, आणि मधे तुरीचे तास. ज्वारीला पाखरं लागतात, डुकरं लागतात, राखणीला माणूस लागतं, आणि माणूस कुठं आहे? माझी मात्र अर्धा एकर आहे. बायको आखाडात गेली. तेरवी झाली, पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी मी तिफण धरली. बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. "बुढा बावचळला," असं एकीनं दुसरीला सांगितलं ते मी ऐकलं. मला ऐकू बरोबर येतं. दिसतंही बरोबर. हात कसा आहे, यावरच सगळं भांडण चाललं आहे, म्हणून हे लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंतची. पुढचं पलटणीनं शिकवलं. अक्षर वाकडं आहे, पण सांगायचं ते सरळ आहे.

भांडण असं. माझ्याकडं पीक राखायच्या परवान्यावरची एक रायफल आहे, तीनशे पंधरा बोराची. परवान्याची मुदत या महिन्यात संपते. पोरगा सुधाकर वाशीमला राहतो, जळालेल्या पंपांच्या मोटारीत नवी तार भरून देतो. चांगला कारागीर आहे. मागच्या रविवारी आला, भाकर खाल्ली, चहा घेतला आणि कप खाली ठेवताना म्हणाला, "बाबा, परवाना आता नवीन नका करू. बंदूक ठाण्यात जमा करून टाका अन् मोकळे व्हा."

"काहून?"

"तुमचा हात हालते. आत्ता चहा बशीत सांडला."

"कप कितीचा जड असते रे? पावशेर नाई. हलकी वस्तू हालतेच. बंदूक चार किलोची हाये. थे हातात आली की तिच्या वजनानं हातच गप बसते."

तो हसला नाही. बशीतल्या चहाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तसं नाई बाबा. माय गेल्यापासून तुमी एकले राह्यता. घरात बंदूक. मले तिकडं झोप येत नाई."

तेव्हा मला समजलं की हे हाताचं नाही. पोराच्या मनात जे होतं ते त्याच्या जिभेवर येत नव्हतं. मग मीच आणलं. मला आडून बोलता येत नाही.

"मले मराचं नाई, सुधाकर. मराचं असतं तर ज्वारी कायले पेरली असती?"

तो उठून बाहेर गेला आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी काही गेलो नाही. असं रडताना कोणी जवळ आलेलं मला आवडत नाही, त्यालाही आवडत नसावं.

पण तेव्हापासून माझं डोकं त्या एका हंगामात जाऊन बसलं आहे. दहा-बारा वर्षं झाली असतील. हेच दिवस. कार्तिक सरून मार्गशीर्ष लागलेला, सकाळी श्वासाची वाफ दिसायची, कणसाचा दाणा नखानं दाबला की दूध यायचं बंद होऊन पीठ यायला लागलेलं. वावरात ओल्या कडब्याचा गोडसर वास. आणि मचाणावर अनसा. माझी बायको. तिच्या उंचीपेक्षा ज्वारी उंच, म्हणून ती मचाणावर चढली की मगच दिसायची. आधी लाल लुगड्याचा पदर, मग तिची ती गोफण.

गोफण तिच्यासारखी गावात कोणी फिरवली नाही. ती माझी बायको म्हणून हे सांगत नाही. पलटणीत मी चांगले चांगले नेमबाज पाहिलेत, त्यांच्या रांगेत ती बसली असती. पाखरू मारायची नाही. त्याच्या पुढ्यातल्या ज्वारीच्या ताटावर गोटा आपटायची, एवढंच, की थवा उठला पाहिजे आणि कणीस मोडलं नाही पाहिजे. एकदा नाल्यातले चांगले वाटीएवढे गोटे मी पिशवी भरून तिला आणून दिले. मला वाटलं, खूश होईल. तिनं पिशवी तिथंच उपडी केली.

"नाल्यातला कोनता गोल, कोनता चपटा, कोनता आतून पोकळ. एकेकाचा सोभाव येगळा. मी कोनाकोनाच्या सोभावानं हात फिरवू?"

ती गोटे घरी करायची. दिवाळीच्या आधी पांढरीवरची चिकण माती आणायची, चाळायची, मळायची. मग पळीनं मापायची. एक पळी माती, एक गोटा. कमी नाही, जास्त नाही. उन्हात ठेवायची नाही, तडा जातो म्हणायची. सावलीत वाळवायची, ओसरीभर. रात्री उठलो तर पाय ठेवायला जागा नसायची. मी चिडायचो. आता ओसरी मोकळी आहे, आणि पाय ठेवायला तरीही जागा नाही.

पलटणीत आमचे एक उस्ताद होते, पंजाबकडचे, मोठ्या मिशांचे. नवी काडतुसं आली की ते सगळ्यांना मैदानात आडवं पाडायचे आणि पहिल्यापासून नेम जुळवून घ्यायला लावायचे. म्हणायचे, "बंदूक वही, बंदा वही, पेटी नई, तो झीरो नया." आम्ही "जी उस्ताद" म्हणायचो आणि मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला काडतुसं उडवायला आवडतात. सरकारी काडतूस होतं. उडवलं. समजलं काहीच नाही. गावी आलो तेव्हा काडतूस सरकारी राहिलं नाही. परवान्यावर वर्षाला मोजून मिळतात. नेम बघायला तीन उडवायची म्हणजे तीन डुकरं वावरात मोकळी सोडायची, असा माझा हिशेब. हा हिशेब माझ्या उरावर बसला.

त्या साली डब्यात आठ-नऊ जुनी काडतुसं उरली होती. बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. अकोल्याहून नवी पेटी आणली. दुकानदार म्हणाला, ती जात आता येत नाही, ही घ्या, बोर तोच आहे. बोर तोच म्हटल्यावर मी कशाला विचार करतो? घरातली साखर तळाला गेली की नवी साखर आपण त्याच डब्यात ओततो. तशी मी नवी काडतुसं जुन्यात ओतली, डबा हलवला आणि झाकण लावलं. उस्तादांनी बघितलं असतं तर मला उलटा टांगला असता.

मग सुरू झालं. वनखात्याचा कागद हातात होता, डुकरं बेफाम झाली होती. पहिलं डुक्कर एका गोळीत पडलं. दुसऱ्यावर मारली, ते गेलं. तिसऱ्यावर मारली, तेही गेलं. चौथं पडलं. पाचवं गेलं. काहीच मेळ लागेना. नेम त्याच जागी धरतोय, श्वास तसाच रोखतोय, घोडा तसाच दाबतोय. एकदा लागते, एकदा नाही. स्टँडावरच्या पानठेल्यावर महादू बसलेला असायचा. महादू माझा शेजारी, धुऱ्याला धुरा, लहानपणापासूनचा. जीभ कात्रीसारखी.

"काऊन रे फौजी," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आजकाल डुकराले आधी नोटीस देऊन राह्यला का?"

सगळे हसले. पानवालाही हसला.

"बारुद ओला असन," मी म्हणालो.

"बारुद ओला नाई, बुढा ओला झाला. हात दाखव बरं. पाह्य, पाह्य, थरथरते. फौजी, आता तू मचाणावर चढ अन् वयनीले बंदूक दे."

मी पान न खाता उठलो. मला राग आला की माझं काही चालत नाही. आजही तसंच आहे. त्या रागात मी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वावरात जाऊन बसलो. ठरवून बसलो की आज एक तरी पाडायचं आणि फरफटत पानठेल्यापर्यंत न्यायचं.

सूर्य वर आला होता. अनसा मचाणावर चढली होती, तिची हाळी ऐकू येत होती. रात्रीची डुकरं निघून गेली होती. एकच मागं राहिलेलं, सुस्त, खाऊन फुगलेलं, ज्वारीतून निघून धुऱ्यावर चढू लागलं, मान काठाच्या जराशी खाली. शंभर पावलं असेल. धुरा कमरेएवढा उंच, मातीचा, दगडाचा. धुऱ्यापलीकडं वावर उतरतं, आणि उतारावर पुढं मचाण. मला माहीत होतं मचाण कुठं आहे. हे मी इथं स्पष्ट लिहितो. मला माहीत होतं. पण मधे धुरा आहे, चुकली तर गोळी धुऱ्याच्या पोटात जाईल, असं मी धरून चाललो. डुकराच्या मानेवर माशी धरली, म्हणजे नळीच्या टोकाचा तो लोखंडी दाणा, आणि घोडा दाबला.

डुक्कर पळालं. धुऱ्यावरची माती उडाली नाही. एक कण उडाला नाही. तेवढ्यावरून मला समजलं की गोळी वरून गेली. आणि वरून गेली म्हणजे कुठं गेली, तेही समजलं. हाळी थांबली होती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. तिचं नाव घ्यायचं होतं, ते आठवेना. खरं सांगतो, बायकोचं नाव आठवेना. मग हवेत एक ओळखीचा सूंऽऽ आवाज आला आणि मातीचा एक गोटा माझ्या पायाच्या बरोबर एक पाऊल पुढं येऊन फुटला. माझ्या पायजम्यावर धूळ उडाली. दोन पाऊल पुढं नाही, पायावर नाही. एक पाऊल.

आणि पलीकडून आवाज आला, "अवो! मी डुक्कर दिसून राह्यली का तुमाले?"

मी खाली बसलो. पुढं ती आली, तिनं हाताला धरून मला मचाणाजवळ नेलं. तिच्या पायाखाली हातभर, मचाणाच्या उभ्या लाकडी बल्लीत भोक पडलं होतं. स्वच्छ गोल, आरपार. तिनं त्यात बोट घालून बघितलं, जसं भाजीवालीच्या वांग्यातली कीड बघावी. मग खालची ओली माती उचलली आणि भोक बुजवून टाकलं.

"महादूले दिसलं नाई पायजे," ती म्हणाली.

मी तिला म्हणालो, महादू खरं बोलतो, माझा हात गेला, आजच बंदूक जमा करतो. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, चहा दिला आणि म्हणाली, "डबा आना."

मी डबा आणला. तिनं सूप घेतलं आणि सगळी काडतुसं सुपात ओतली. दाळ निवडायला बसावी तशी बसली. एकेक उचलायची, उजेडात धरायची, पेंदा बघायची आणि डावीकडं नाहीतर उजवीकडं टाकायची. तिला वाचता येत नव्हतं. अक्षर तिच्यासाठी फक्त आकार.

"ह्याच्या बुडाले गोल टिक्का हाये. ह्याच्या बुडाले नाई. अन् हे हातात जड लागते. जरासंच. पाहा."

मी तळहातावर घेतली. मला फरक लागेना. तिनं आयुष्यभर पळीनं माती मापली होती, तिला लागला.

"दोन जातीचं बी एका डब्यात ठेवते का कोनी?" ती म्हणाली. "वावरात अर्धं वर येईन अन् अर्धं खाली, मंग म्हनाल जमीन खराब हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन गोवऱ्या घेऊन निघाली. दोन्हींच्या मधोमध कुंकवाचा टिळा. नाल्याच्या उंच दरडीला, जिथं मागं वीसेक हात नुसती माती आहे, तिथं तिनं त्या टेकवून उभ्या केल्या, ऐंशी पावलं मोजत परत आली आणि माझ्या मागं येऊन बसली. मी पोत्यावर कोपर टेकवून आडवा झालो. तीन जुनी काडतुसं पहिल्या गोवरीवर, तीन नवी, म्हणजे ती जड, दुसरीवर. सहा काडतुसं. काळीज तुटत होतं, पण मारली.

पहिल्या गोवरीत तीन भोकं, तिन्ही टिळ्याला चिकटून. दुसरीतही तीनच, आणि तीही एकमेकींना चिकटून. पण टिळ्यापासून चार बोटं वर आणि दोन बोटं उजवीकडं. अनसानं आधी एका गोवरीवर तळहात ठेवला, मग दुसरीवर. दोन्ही वेळा तीन भोकं तळहाताखाली झाकली गेली.

"हात कुठं हालला?" ती म्हणाली. "हालला असता तर साऱ्या गोवरीभर पसरल्या असत्या. हे तर तिन्ही एका घरात बसल्या. घर बदललं फक्त."

एवढं साधं. उस्तादांनी चार वर्षं सांगितलं ते तिनं एका तळहातात सांगितलं. गोळ्या एकमेकींपासून फाकल्या, तर दोष हाताचा, नाहीतर बंदुकीचं काही ढिलं झालं असेल. गोळ्या एका जागी बसल्या पण जागाच सरकली, तर हाताला नावं ठेवू नका, काडतूस बघा. आणि दोन जाती मिसळल्या की दोन जागा मिसळतात, मग बघणाऱ्याला हातच थरथरतोय असं दिसतं.

असं का होतं, हेही सांगतो, कारण पानठेल्यावर त्यावरून पुढं महिनाभर वाद झाला. महादू म्हणायचा, जड गोळी तर खाली पडली पाहिजे, वर कशी जाईल? लांबवर ती खाली पडतेच. पण जवळच्या पल्ल्यात उलटं होऊ शकतं. दारूनं पेट घेतला की बंदूक मागं ढकलते आणि तोंड वर उचलते. गोळी अजून नळीतच असते. हलकी, तेज गोळी लवकर निसटते, तोंड थोडंच उचललेलं असतं. जड गोळी सावकाश निघते, तोवर तोंड जास्त वर गेलेलं असतं. शिवाय नळी लोखंडाची असली तरी बार उडताना थरथरते, काठीनं ठोकलेल्या थाळीसारखी. त्या थरथरीत नळीचं तोंड कुठल्या बाजूला असताना गोळी बाहेर पडते, त्यावर डावं-उजवं ठरतं. दारू बदलली, वजन बदललं, की ती वेळ बदलते. डोळ्याला काही दिसत नाही. अनसाला हे मी समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मंग? गोफणीत जड गोटा उशिरा सुटते, तो वर जाते. हे सांगाले तुमाले पलटणीत जावं लागलं का?"

महादूला मी त्या दोन गोवऱ्या नेऊन दाखवल्या. पानठेल्याच्या फळीवर ठेवल्या, शेणाच्या, सगळ्यांसमोर. पानवाला ओरडला. महादूनं स्वतःचा तळहात ठेवून बघितला आणि म्हणाला, "बरं बाप्पा, हात नाई गेला तुहा. अक्कल गेल्ती." त्या दिवशी मी भांडलो नाही. तो बरोबर बोलला होता. किती बरोबर, ते त्याला माहीत नव्हतं. बल्लीतलं भोक त्यानं कधी बघितलं नाही.

मी वर्षानुवर्षं लोकांना ही गोष्ट सांगत आलो. काडतूस बदललं होतं, माझा नेम गेला नव्हता. छाती काढून सांगितलं. मचाणाचं कधी सांगितलं नाही. आज सांगतो. काडतूस बदललं होतं हे खरं, हात तोच होता हेही खरं. आणि तरी चूक माझी. नवी पेटी मातीच्या दरडीवर न बघता मी माणसाच्या दिशेला बार काढला, कारण पानठेल्यावर कोणी हसलं होतं. कारण सापडलं म्हणून गुन्हा पुसला जात नाही. अनसानं मला हे एकदाही ऐकवलं नाही. मी तिला म्हणालो, मचाण दुसरीकडं बांधू, वरच्या अंगाला. ती म्हणाली, "मचाण हालनार नाई. पाखरं इथंच येतात. तुमी तुमची जागा बदला." आणि त्याच सकाळी, गोवऱ्या उचलून झाल्यावर, त्याच बल्लीला पाय लावून वर चढली. मी खाली उभा राहून तिच्या टाचांकडं बघत होतो. भेगा पडलेल्या, मातीच्या रंगाच्या टाचा. माझ्या पलटणीत एवढं धाडस कोणात मी पाहिलं नाही.

ती गेली चार दिवसांच्या तापात. तिच्यासारखं माणूस चार दिवसांत जातं, यावर माझा अजून विश्वास नाही, आणि मी ठेवणारही नाही. लोक येतात, म्हणतात देवाची मर्जी. मी म्हणतो, त्याला माझ्यापुढं येऊन सांगू दे. लोक म्हणतात, आता पोराकडं वाशीमला जा, आराम कर. दुपारी कोणी ना कोणी विचारतं, जेवले का? हेच दोन शब्द ती रोज विचारायची. तिचे पोटात जाऊन लागायचे. यांचे डोक्यावरून जातात. शब्द तेच, ऐकणारा तोच.

काल पुन्हा सुधाकर आला. मी त्याला सरळ नाल्यावर नेलं. या सालची पेटीही वेगळ्या जातीची आली आहे, ती मी वेगळ्या डब्यात ठेवली आहे. दरडीला गोवरी लावली आणि तीन बार काढले. मग त्याला म्हणालो, जा, हात ठेवून पाह्य.

तो गेला. तळहात ठेवला.

"दोन बोटं खाली लागल्या, बाबा."

"थे काडतुसाचं. तेवढा नेम वर धरीन. तिन्ही झाकल्या का?"

"झाकल्या. एक जराशी काठावर हाये."

"हो, काठावर हाये." खोटं कशाला बोलू? पूर्वी मधोमध बसायच्या. "आयक. ज्या दिवशी तुह्या हाताखाली तिन्ही झाकनार नाई, त्या दिवशी मी सोता बंदूक जमा करीन. तुले सांगावं लागनार नाई. पन तो दिवस गोवरी ठरवन. चहाची बशी नाई."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "चाला, उद्या परवान्याच्या ऑफिसात मी येतो संगं."

म्हणून आज गेलो. तिथं खिडकीमागं एक तरुण बाई होती, चष्म्याची, बोलायला चांगली. तिनं अर्ज बघितला, जुनी फाईल काढली, दोन्ही शेजारी ठेवले आणि मान हलवली.

"आजोबा, सही जुळत नाही. ही पाच वर्षांपूर्वीची बघा, आणि ही आजची."

मी बघितलं. नव्हती जुळत. जुनी सही पसरट, ऐटीत उजवीकडं चढलेली. आजची आखडलेली, खाली उतरणारी.

"वयानं होतं असं, हात थरथरतो," ती म्हणाली. "सही राहू द्या. अंगठा द्या, सोपं पडेल."

सुधाकर माझ्याकडं बघायला लागला. त्याला वाटलं, आता हा भडकणार. मी भडकलो नाही.

"अंगठा नाई देनार, बाई. मले एक कोरा कागद द्या."

तिनं दिला. मी सावकाश एक सही केली. तिच्याखाली दुसरी. मग तिसरी, चौथी, पाचवी. मागं रांगेतला एक जण म्हणाला, "आजोबा, परीक्षा हाये का?" सुधाकर त्याच्याकडं वळून म्हणाला, "हो. गप राह्य." मी कागद खिडकीतून आत सरकवला.

"आता ह्या पाच एकमेकींशी जुळवून पाहा. जुनीशी नाई. एकमेकींशी."

बाईनं चष्मा वर केला. बोट ठेवत एकेक बघितली. पहिली, दुसरी, पाचवी. पुन्हा पहिली.

"सारख्या आहेत हो," ती म्हणाली. "अगदी सारख्या. मग जुनी का वेगळी आहे?"

"तवा घरी माणूस होतं," मी म्हणालो.

बाईनं तो पाच सह्यांचा कागद फाईलला टाचला आणि अर्ज माझ्यापुढं सरकवला.

"मग अर्जावर त्या सहीशेजारी हीच पुन्हा करा. आजपासून हीच धरू. पुढचं साहेब ठरवतील."

साहेब काय ठरवायचं ते ठरवू देत. मी तिच्यासमोर सहावी सही केली. दाबून केली. एवढी दाबून, की बाईनं अर्ज फाईलला लावताना तिच्या बोटांना ती मागच्या बाजूनंही लागली असेल.